जसंच्या तसं

"मला थोडी विश्रांती घ्यायची आहे. आपण नंतर बोलू या," हरकाम्या म्हणाला.

खुर्चीतला सरकार खदखदून हसायला लागला. हसता हसता त्याची मान एका बाजूला कलली, तरी हसणं थांबेना. कॉलेजातली दोन पोरं टाळ्या वाजवत होती. ताई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

हरकाम्या हे त्या पोरांनी बनवलेलं यंत्र. कमरेइतकं उंच, खाली चाकं, एक हात आणि छातीवर स्पीकर. त्याने सरकारचं ऐकून त्याला हवं ते आणून द्यायचं आणि त्याचं बोलणं इतरांना कळेल असं बोलून दाखवायचं. सरकारला जन्मापासून हातापायांवर आणि जिभेवर ताबा नव्हता. डोकं तल्लख. खुर्चीत बसून घरभर हुकूम सोडायचा, म्हणून लहानपणीच त्याचं नाव सरकार पडलं. त्याचं बोलणं आधी आईला कळायचं. आई गेल्यावर ते कळणारं थोरल्या बहिणीखेरीज, म्हणजे ताईखेरीज, कुणी उरलं नाही. साठी ओलांडली तसे त्याचे शब्द आणखी जड झाले, आणि त्याला उचलताना ताईचे गुडघे कुरकुरू लागले.

ताईच्या लेकीने आपल्या गावी आईसाठी खोली तयार ठेवली होती. दिवसा एक मदतनीस बाई आणि हे यंत्र असलं की मामाचं त्याच्याच घरात निभेल, असा तिचा विचार. फोन केला की ती मामालाच विचारायची, "आईला घेऊन जाऊ का रे?" मामा काहीतरी बोलायचा. ताई सांगायची, "नको म्हणतोय. माझ्यावाचून त्याचं व्हायचं नाही."

"मावशी, बरोबर ओळखलं ना?" चष्मेवालीने विचारलं. दोघांत तीच पुढारी होती.

"साधारण," ताई म्हणाली.

सरकार पुन्हा काही बोलला. हरकाम्याने क्षणभर विचार केला. "आपण फार मेहनत घेतलीत. आभारी आहे."

आता मात्र सरकारला ठसका लागला. ताईने ट्रे ठेवला आणि त्याची पाठ चोळली.

"काका एवढं का हसतायत?" मिशीवाल्या पोराने विचारलं. मिशी नवीन होती, तो तिला सारखा हात लावायचा.

सरकारने ताईकडे पाहिलं आणि एकच शब्द टाकला.

"कृपया सांगावे," हरकाम्या म्हणाला.

ताई स्टुलावर बसली. "तो म्हणाला होता, डोकं उठवलंत, चालते व्हा."

"आणि नंतर?"

"नंतर म्हणाला, गाढवं ती गाढवंच."

यंत्राचा दोष नव्हता. सरकारने बोलायचं, ताईने ते स्पष्ट करून सांगायचं, आणि दोन्ही ऐकून हरकाम्याने शिकायचं, असं काही महिने चाललं होतं. ताईने जे सांगितलं ते तो इमानाने शिकला होता.

ताईची सगळी नोकरी पाणीपुरवठा कार्यालयात, तक्रारींच्या खिडकीवर गेली. माणसं यायची ती तोंडात शिव्या घेऊनच. ताई ऐकून घ्यायची आणि लिहायची: 'पाणी अपुऱ्या दाबाने येत असल्याबाबत.' त्यात लबाडी नव्हती. शिवी लिहिली तर कागद पुढे सरकत नसे आणि नळही वाहत नसे. घरी तिने तेच केलं. डॉक्टर, शेजारी, पाहुणे, सगळ्यांपर्यंत सरकारचं बोलणं इस्त्री होऊन पोहोचायचं. लोक म्हणायचे, काय सोशिक माणूस आहे. सरकार खुर्चीच्या हातावर मूठ आपटायचा, आणि ताई म्हणायची, "त्याला आनंद झालाय."

चष्मेवाली रागावली नाही. चष्मा काढून ओढणीने पुसत राहिली. "म्हणजे सगळं पुन्हा शिकवायचं."

"सगळं कशाला गं? शिव्या तेवढ्या गाळल्यात."

"मावशी, तुम्ही इथे नसाल आणि काकांच्या पोटात कळ येईल. ते ओरडतील. हा त्या बाईंना सांगेल, किंचित अस्वस्थ वाटत आहे. बाई म्हणतील, पडा जरा."

ताईने चहाचा ट्रे पुढे ओढला. सरकार बोलला.

"चहा गार होतोय म्हणतो," ताईने सांगितलं.

सरकारची मूठ आपटली.

"बरं बाबा. पोरगी हुशार आहे, मिशीवाला बावळट आहे, असं म्हणतोय."

"हे जसंच्या तसं आलं," चष्मेवाली म्हणाली. मिशीवाल्याचा हात मिशीवरून खाली आला.

लगेच सुरुवात झाली. सरकार बोलायचा, ताई मायक्रोफोनसमोर सांगायची. पंखा बंद कर, गारठून मेलो. हे काय पाणी आहे की गरम काढा. उशी नीट लाव, मान मोडशील.

"मावशी, मध्ये 'कृपया' आलं."

"सवय गं. पुसून टाक."

तासाभराने सरकार रंगात आला. ताईही सरावली. एका अस्सल शिवीला ती स्वतःच हसली, तेव्हा पोरं तिच्याकडे बघतच राहिली.

मग सरकारने ताईवरची नजर काढून हरकाम्याकडे वळवली. पुढचं तो सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलला.

ताईने मायक्रोफोन खाली केला.

"कळलं नाही का, मावशी?"

"कळलं."

सरकार पुन्हा तेच बोलला. चष्मेवालीचं बोट बटणावर थांबलं होतं. ताईने पदर सारखा केला, मायक्रोफोन तोंडाशी घेतला आणि खिडकीवर बोलायची त्याच सरळ आवाजात म्हणाली, "घेऊन जा तिला. दमलीय ती. माझं मी बघतो. किती वेळा सांगायचं?"

"कुणाला घेऊन जा?"

"वाक्य तेवढंच आहे," ताई म्हणाली. "पुढचं घे."

संध्याकाळी पोरांनी नवी वाक्यं यंत्रात भरली आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता.

एरवी ताई फोन धरून सरकारच्या शेजारी बसायची. आज तिने तो टेबलावर डब्याला टेकवून त्याच्यासमोर उभा केला. हरकाम्याला खुर्चीजवळ सरकवलं. चहाचे कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात गेली.

"आई कुठाय? बरं मामा, तूच सांग," फोनमधून आवाज आला.

ताईने कप बेसिनमध्ये ठेवले. हात नळावर होता, पण तिने नळ उघडला नाही.