एका सुराचा निवाडा

मी नादकाटा बोलतोय. पोलादाचा, दोन दांड्यांचा, खाली छोटी मूठ असलेला. बोलतोय म्हणजे काय, मला जन्मभर एकच सूर आला आणि तोच मी सांगत आलो. आज त्यापलीकडचं काही सांगायचं आहे, म्हणून जरा सावकाश घेईन. शाळेत राहिलो खरा, पण शिकलो काही नाही. शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

शिकागोच्या एका कारखान्यात मी जन्मलो. एक म्हातारा कारागीर मला कानाशी धरायचा, कानशीनं दोन हात मारायचा, पुन्हा कानाशी धरायचा. सूर बसला तसं तो शेजारच्याला म्हणाला, "हा आता कधी खोटं बोलायचा नाही." ते वाक्य मी मनात घट्ट धरून ठेवलं. मला त्याचा गर्व झाला, आणि तो गर्वच पुढं नडला.

मला विकत घेतलं राग्ना लोकेन या बाईंनी. नुकत्याच शिक्षिका झाल्या होत्या. उत्तर मिनेसोटात, बीटच्या शेतांमध्ये एल्मडाल नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत त्या संगीत शिकवायला आल्या आणि चौतीस वर्षं राहिल्या. मी त्यांच्या स्वेटरच्या खिशात.

त्या गावची माणसं बोलायला फार कंजूष. शेजाऱ्याचं कोठार जळालं तरी "धूर दिसतोय" एवढंच म्हणतील. पण गायला बसली की छाती मोकळी. जेवणाआधी प्रार्थना म्हणायची ती गाऊन, आणि तीही चार आवाजांत. आई वरचा, मुलगी मधला, मुलगा त्याखालचा, बाप खर्जातला. कुणी आपला आवाज कुणाला शिकवलेला नसतो, जो तो आपली जागा शोधून घेतो. अशा घरात न गाणारा माणूस म्हणजे ताटावर बसून उपाशी राहिल्यासारखाच.

दर सप्टेंबरात बाई मुलांची परीक्षा घेत. मला गुडघ्यावर आपटायच्या आणि माझी मूठ टेबलावर टेकवायच्या. सगळं टेबल गुणगुणायला लागायचं. मग समोरच्या मुलाला सांगायच्या, "आ म्हण." माझ्या सुराला सूर मिळाला की ते मूल गाणाऱ्यांत. नाही मिळाला की श्रोत्यांत.

श्रोते हा आमच्याकडचा रिवाज होता. वसंतातल्या कार्यक्रमाला आईबाप येणार, तेव्हा कुणाचं मूल वगळायचं नाही. श्रोत्यांनाही तशीच पांढरी कॉलर, तशीच रांग, फक्त सगळ्यात मागची. बाई त्यांना प्रेमानं समजवायच्या, "तुमचं काम ऐकायचं. ओठ सगळ्यांबरोबर हलवा, आवाज काढू नका. आणि घरी सांगत बसू नका हं." बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या शिक्षणाच्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं. कुणाचा अपमान होत नाही आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत परीक्षकांचे कानही दुखत नाहीत, असं त्या मानायच्या.

एका वर्षी आर्ने त्वेतेन या शेतकऱ्याची मुलगी मारित समोर आली. आठ वर्षांची, गुडघ्यावर खरचटलेली. उन्हाळाभर गोठ्यात गाईंना गाणी म्हणून दाखवत होती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक. बाईंनी मला वाजवलं. मारितनं डोळे मिटले, पोट भरून श्वास घेतला आणि "आ" म्हटलं. आवाज जाड, खालचा.

"बाई, त्वेतेनांची गाय शाळेत आली!" मागून एक कार्टं ओरडलं.

वर्ग हसला. बाईंनी त्याला दटावलं, पण हसू त्यांच्याही ओठांच्या कोपऱ्यात आलं.

आता मी ते सांगतो, जे साठ वर्षं कुणाला सांगितलं नाही. माझा आवाज तोवर विरला होता. बाईंच्या हातात मी गप्प होतो. मारित गायला लागली आणि मी आपोआप थरथरायला लागलो. आम्हा नादकाट्यांचं असं असतं, कुणी आपलाच सूर लावला की आमचं अंग शांत राहत नाही. तिनं माझाच सूर लावला होता. फक्त खालच्या सप्तकातला. तिचा गळाच तिथं राहत होता.

बाईंनी मला एकदा कानाशी नेलं असतं तर त्यांना कळलं असतं. पण सवयीनं त्यांनी दोन बोटांत माझ्या दांड्या दाबल्या, थरथर थांबवली आणि वहीत लिहिलं, "श्रोता."

मला तोंड नव्हतं, असं म्हणून मी सुटलो असतो. पण खरं सांगू? मला तेव्हा बरं वाटलं. बरोबर असेल कुणी, पण त्यानं माझ्या उंचीवर येऊन बरोबर असावं, असा माझा तोरा होता. त्याची आज लाज वाटते.

त्या मे महिन्यात कार्यक्रम झाला. मारित मागच्या रांगेत ओठ हलवत उभी राहिली. संपल्यावर आर्ने तिच्यापाशी आला. मी बाईंच्या खिशात, दोन हातांवर. न बोलणारा तो माणूस तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "एवढ्या पोरांत तुझा आवाज मला वेगळा कळला हो."

मारित जमिनीकडे बघत राहिली. बाईंनी तोंड फिरवलं आणि कुणाची तरी कॉलर नीट करायला लागल्या.

पुढं बाई निवृत्त झाल्या. मी त्यांच्या शिवणाच्या डब्यात, बटणं आणि रिळांमध्ये पडून राहिलो. बाई गेल्या. भाचीनं घर आवरलं आणि डब्यासकट मला माळ्यावर टाकलं. कितीतरी वर्षं कुणी मला वाजवलं नाही.

मग एक दिवस विद्यापीठातून योलांडा नावाची बाई आली. जुन्या शाळांत गाणं कसं शिकवायचे, आणि ज्यांना "तुला गाता येत नाही" असं सांगितलं गेलं त्यांचं पुढं काय झालं, यावर ती अभ्यास करत होती. भाचीनं मला तिच्या हाती दिलं. योलांडानं चर्चच्या तळघरात टेबल मांडलं, मला कागदांशेजारी ठेवलं आणि गावातल्या जुन्या श्रोत्यांना एकेक करून बोलावलं.

मारित आली ती अडुसष्ट वर्षांची होऊन. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून धाकटा भाऊ सिगुर्द गाडी चालवत घेऊन आला. सिगुर्द चर्चच्या गायकवृंदात.

"हिला गाण्याबद्दल विचारताय?" कॉफी ओतून घेत तो म्हणाला. "म्हणजे माझ्या टकलाला कंगव्याचा भाव विचारण्यासारखं झालं."

"तू कॉफी पी आणि गप बस," मारित म्हणाली. तेवढ्यात तिला मी दिसलो. तिनं टेबलावरचा हात मागे घेतला. "हा इथं कसा? अजून तस्साच चकाकतोय मेला."

"मी एक्केचाळीस जणांशी बोलले," योलांडा म्हणाली. "तो दिवस विसरलेला एकही भेटला नाही. अंगात कोणते कपडे होते तेही सांगतात."

"निळा झगा. बाहीला ठिगळ. त्याचं काही नाही हो. पोराटोरांचं काय घेऊन बसायचं. पण बाबा गेले तेव्हा..."

सिगुर्दनं कप खाली ठेवला. "मारित, असू दे."

"का असू दे? विचारतायत ना त्या." ती योलांडाकडे वळली. "बाबांची दृष्टी गेली होती. शेवटच्या दुपारी म्हणाले, जेवणाची प्रार्थना म्हणा, चौघं मिळून. आम्ही चौघं भावंडं खाटेभोवती. तिघं गायली. मी ओठ हलवले. दिसत नाही त्या माणसापुढं मी ओठ हलवत होते बघा! बाबा म्हणाले, तीनच ऐकू येतात. मारित आली नाही का? हा सिगुर्द म्हणाला, आहे बाबा, तुमचे पाय धरून उभी आहे. तर म्हणाले, मग गात का नाही? रागावलीय का माझ्यावर?"

सिगुर्दनं तिच्यासाठी कॉफी ओतून पुढं सरकवली.

योलांडानं मला हात लावला नाही. ती म्हणाली, "मी सूर देत नाही. तुम्हाला सोयीचा असेल तो तुम्ही द्या. मी तुमच्या मागून येते."

मारितनं "अं" केलं. योलांडा तिच्या सुरात मिसळली. एक पायरी वर, एक खाली, अशा दोघी हिंडल्या. मारित कुठंच चुकली नाही. मग ती स्वतःच म्हणाली, "आता तो वाजवा."

मी वाजलो. मारितनं डोळे मिटून "आ" म्हटलं.

"अगं, बरोबर आहे की!" सिगुर्द उभाच राहिला. "तोच सूर आहे, खालचा!"

"तेव्हाही हाच लागला असणार," योलांडा हळूच म्हणाली.

मारित रडली नाही. माझ्याकडे बघत एवढंच म्हणाली, "म्हणजे बाबांना चौथा आवाज देता आला असता."

मी घडलो त्या दिवसापासून कधी खोटा वाजलो नाही. पण त्या क्षणी कुणी मला भट्टीत टाकून वितळवलं असतं तर उपकार झाले असते.

योलांडाचा अभ्यास पुढं छापून आला. त्यात लिहिलंय म्हणे, की मुलाला आपल्या सुराकडे ओढण्याआधी शिक्षकानं त्याच्या सुरापाशी जावं. मारित आता गुरुवारी सिगुर्दबरोबर गायकवृंदाच्या तालमीला जाते, पुरुषांच्या रांगेत कडेला उभी राहते. "उद्यापासून दाढी करून येत जा," असं सिगुर्दनं चिडवलं, तर म्हणाली, "आधी तू सूर पकड, मग दाढीचं बघू." हे ऐकून मला बरं वाटलं. पण लाज काही गेली नाही.

हल्ली मी एल्मडालच्या शाळेत काचेच्या कपाटात असतो. शाळेला शंभर वर्षं झाली म्हणून योलांडाकडून मला मागून आणलं. शेजारी बाईंचा फोटो, खाली चिठ्ठी: "याने दोन पिढ्यांना अचूक सूर दिला." मुलं जाता-येता काचेला नाक लावून वाचतात, आणि मला तोंड लपवायला जागा नाही.

गुरुजनहो, माझी एवढीच विनवणी आहे. पोर समोर आलं की मला जरा खिशातच राहू द्या, आधी त्याला गाऊ द्या. आणि जमलं तर ती चिठ्ठी काढा. अचूक होतो मी, ते खरं आहे. पण आर्ने त्वेतेन गेला, तेव्हा त्याच्या खाटेभोवती चार लेकरं होती आणि आवाज तीनच होते.