घंगाळातला गोळा

सरोजिनीचे हात ताठायला लागले तेव्हा तिने सगळा दोष शाडूला दिला. त्यात नवल नव्हतं. बडोद्याला वाडीतल्या त्या घरात श्रावण लागला की मळलेली माती हातावर सुकायची, कातडी ओढल्यासारखी व्हायची, खोबरेल चोळलं की मोकळी व्हायची. लहानपणापासून हेच. त्यामुळे गणपती जाऊन थंडी आली तरी बोटं मिटेनात, तेव्हाही बाईसाहेब खोबरेलच चोळत राहिल्या. गार पाण्यात हात घातला की पेरं पांढरीफटक पडायची, तर ती नखाने खरवडून बघायची. म्हणायची, माती मुरलीय आत. बाई चांगली पदवीधर होती, हे सांगून ठेवलेलं बरं.

मातीचं हे वेड वडिलांकडून आलेलं. मोहनराव, म्हणजे तिचे अप्पा, शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरचा गणपती स्वतः घडवायचे. गुजरात राज्य वेगळं झालं तेव्हा सरोजिनी परकर नेसायची. नात्यातली काही मंडळी पुण्याला निघाली, अप्पांनाही चला म्हणाली. अप्पा म्हणाले, शाडू तिकडेही भावनगरहूनच येते, मग मी कशाला येऊ? त्यांचं विसर्जनही तऱ्हेवाईक. मूर्ती तलावात न सोडता अंगणातल्या तांब्याच्या घंगाळात विरघळवायचे आणि त्या मातीचा एक गोळा सुकवून ठेवायचे. पुढच्या वर्षी नवी माती मळताना तो गोळा तिच्यात पडायचा. यंदाच्या गणपतीत मागचे सगळे गणपती थोडेथोडे असायचेच. अप्पा गेल्यावर सरोजिनी मूर्ती करू लागली ती या गोळ्यासाठी. अप्पांच्या हातची माती वर्षातून एकदा आपल्या हाताला लागते, याहून मोठं सुख तिला ठाऊक नव्हतं.

शिकवताना अप्पा फार बोलायचे नाहीत. सोंडेला जरा बाक आला की सरोजिनीला चेव यायचा. ओल्या बोटाने इथे सारव, तिथे माती चढव, बघता बघता सोंडेचा खांब व्हायचा. मागून अप्पा म्हणायचे, "आता हात काढ." तिला तेव्हा राग यायचा. आता तो आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून तिचा जीव तुटायचा.

आजार ओळखला तो लेकीने. कांचन सयाजीगंजातल्या युनिव्हर्सिटीत प्रयोगशाळेत होती आणि शरीराची राखण करणाऱ्या पेशींवरच तिचं संशोधन चालू होतं. उंधियूची पापडी निवडताना आईला शेंग चिमटीत धरता येईना, हे तिने पाहिलं. आईच्या बोटावरची कातडी उचलून बघितली, ती उचललीच जाईना. कांचनचा चेहरा उतरला. पुढे दवाखाने आणि तपासण्या झाल्या, आणि सिस्टेमिक स्क्लेरोसिस असं नाव निघालं.

हे कशाने झालं, असं सरोजिनीने विचारलं. ते नेमकं कुणालाच ठाऊक नाही, असं कांचनने कबूल केलं, पण आत काय होतं ते झोपाळ्यावर बसून सांगितलं. रक्तात राखणीच्या पांढऱ्या पेशी असतात. कुठे खरचटलं की त्या धावतात आणि डागडुजी करणाऱ्या पेशींना कामाला लावतात. त्या पेशी चिवट धागे घालून जखम भरतात, मग काम थांबतं. या आजारात राखणदारांचाच घोटाळा होतो. आपलंच शरीर त्यांना परकं वाटतं, बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, आणि भरण्यासारखं काही उरलं नसतानाही कामाचा हुकूम सुटतच राहतो. धाग्यांवर धागे चढतात, कातडी जाड होते. म्हणून या राखणदारांना आवर घालणारी औषधं द्यायची.

सरोजिनी आपल्या ताठलेल्या बोटांकडे बघत म्हणाली,

"म्हणजे त्यांना कुणी हात काढ म्हणत नाही."

कांचन म्हणाली, "म्हणणाऱ्या पेशीही असतात ने, मम्मी. पण त्यांचं कुणी ऐकत नाही."

औषधांनी आजार जरा धरून ठेवला, पण ताठलेली बोटं मोकळी झाली नाहीत. श्रावणात सरोजिनीने माती मळायला घेतली. अंगठा वळेना, गोळा निसटून फरशीवर पडला. तिचा नवरा प्रतापराव कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेला, मनाने सरळ माणूस. तो म्हणाला, यंदा बाजारातून आणू ने, देव काय रागवणार नाही.

"देवाचं नाही हो," ती म्हणाली, "माझे अप्पा तुटतील." आणि ती ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी कांचन रजा टाकून पाटासमोर बसली. नखात माती जाते म्हणून जन्मात कधी शाडूला न शिवलेली ही मुलगी. सरोजिनी शेजारी बसून सांगत होती, कांचन करत होती. जुना गोळा कुटून, भिजवून नव्या मातीत मिसळला. पोट जमलं, कान पापडासारखे वेडेवाकडे झाले, सोंडेला बाक आला. आणि मग कांचनला चेव आला. इथे सारव, तिथे माती चढव. सरोजिनीला वाटलं, पाटासमोर आपणच बसलोय, परकरातल्या.

"कांचन," ती म्हणाली, "आता हात काढ."

कांचनने लगेच हात काढला. सोंड जरा जास्तच वळली होती आणि कानाखाली तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, सगळ्या रेघांसकट. हा पुसू का, असं तिने विचारलं. सरोजिनीने नको म्हटलं. घंगाळात अप्पांबरोबर तोही विरघळायला हवा होता.