हॉटेल खाणारा माणूस

पडद्यावरच्या खुर्चीने शेपटी हलवली, तशी कांताबाईने शेजारी बसलेल्या नवऱ्याचा, देवरावचा, हात गच्च धरला. खुर्ची दुडकत दारापर्यंत गेली, आलेल्या माणसाच्या पायाशी घुटमळली आणि त्याला पाठीवर घेऊन टेबलापाशी आली. माणूस नुसत्या रेघांनी काढलेला. डोक्याला टोपी, पायांत काही नाही. केटलीने मान वाकवून त्याला नमस्कार केला आणि आपणहून चहा ओतला.

नेरच्या जिनिंगच्या गोदामात भरदुपारी अंधार केला होता. खिडक्यांवर कापसाची पोती ठोकली होती. सरकारची प्रचाराची गाडी खरं तर देवीची लस टोचून घ्या हे सांगायला आली होती. पण ती फीत मध्येच तुटली, आणि बाजाराला आलेली माणसं उठून जाऊ नयेत म्हणून गाडीवाल्याने हाताला लागली ती ही चित्रांची फीत लावली. तिच्यात बोलणं नव्हतं, नुसतं वाजवणं होतं. लसीचं मग कोणाला काही पडलं नव्हतं. असलं हॉटेल सोडून उठतो कोण?

ताटातली जिलबी जागी झाली, वेढे सोडून सरळ झाली आणि भिंतीवर चढून पळू लागली. ताट तिच्यामागे उडालं. गोदाम हसून लोळायचं बाकी राहिलं. देवरावच्या पलीकडे बसलेला रामधन हलवाई तर पोट धरून त्याच्या खांद्यावर रेलत होता. बाजारात हॉटेल होतं ते रामधनचंच, त्यामुळे दुसऱ्याच्या हॉटेलातली जिलबी पळाल्याचं त्याला फार सुख झालं होतं. अंधारात आपण कोणाच्या खांद्यावर रेलतोय, हे बघायची त्याला फुरसत नव्हती.

कांताबाई मात्र हसत नव्हती. तिचा जीव त्या टोपीवाल्यात अडकला होता. तो दारातून सरळ आत शिरला होता. कोणी त्याला गाव विचारलं नव्हतं, आडनाव विचारलं नव्हतं.

रामधनच्या हॉटेलाबाहेर भिंतीला एक फळी होती, आणि फळीवर कान तुटलेले कप पालथे घातलेले असायचे. देवरावच्या वस्तीतल्या माणसाने त्यातला एक घ्यायचा, रामधनने वरून चहा ओतायचा, पिऊन झालं की ज्याचा त्याने विसळून पुन्हा पालथा घालायचा. नागपूरला जाऊन धम्म घेतल्यापासून देवरावने त्या फळीला हात लावला नव्हता. दर बाजाराला तो म्हणायचा, आज आत जाऊन बसू. दर बाजाराला कांताबाई मोडता घालायची. शिवाशिवीविरुद्ध कायदा झालाय हे तिला ठाऊक होतं. पण घरची वाट हॉटेलात आत बसणाऱ्या माणसांच्याच शेतांमधून जाते, हेही ठाऊक होतं. तिला भीती वाटायची, आणि आपल्याला भीती वाटते याचा तिला संतापही यायचा.

पडद्यावरच्या माणसाची भूक काही भागेना. त्याने टेबल खाल्लं, खिडक्या खाल्ल्या, भिंती भाकरीसारख्या दुमडून तोंडात घातल्या. बघता बघता अख्खं हॉटेल त्याने गिळलं. नुसतं माळरान उरलं. त्यावर तो ढेकर देत बसला आणि खुर्ची त्याचा हात चाटू लागली. कांताबाईच्या अंगावर काटा आला. असंही करता येतं, एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं.

पोती काढली आणि उजेड आला. रामधनने डोळे पुसले, शेजारी पाहिलं आणि अंग आखडून घेतलं. देवरावला ते दिसलं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं,

"तुले हसू नाही आलं काय वं?"

"त्याले कोनी इचारलं नाही, तू कोन व्हय म्हून."

"चित्रातलं हाटेल व्हय ते."

"मानसानंच काढलं असन ना ते चित्र."

एवढं बोलून ती निघाली. घराच्या वाटेने नव्हे, उलट्या दिशेने.

"कांता, कुठी चालली?"

"चहा प्यायले."

हॉटेलात गोदामातली सगळी गर्दी लोटली होती. कांताबाई आत शिरली आणि बाकावर बसली. देवराव तिच्याजवळ बसला. बाकावरचा एक शेतकरी थोडा सरकला. जागा करून द्यायला की अंग चोरायला, ते कळायला मार्ग नव्हता.

रामधन लगबगीने आला.

"देवराव, भाईर देतो ना मी. इथं गर्दी हाय."

"आमी गर्दीतच बसतो," कांताबाई म्हणाली. "दोन चहा द्या, भाऊ."

देवराव तिच्याकडे पाहतच राहिला. हीच का ती मोडता घालणारी, असा त्याचा चेहरा झाला होता.

मागून कोणीतरी ओरडलं,

"रामधन, चहा आन लवकर, नाही तं तुह्यावालं हाटेल खाऊन टाकीन."

सगळे हसले. रामधनलाही हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडलं नाही. तो आत गेला आणि दोन कप घेऊन आला. कप धड होते, कानांसकट.

चहा फार गोड होता. कांताबाईने तो सावकाश संपवला आणि ती कप उचलून उठू लागली. विसळायला.

"राहू दे," देवराव हळूच म्हणाला.

ती बसली. कप टेबलावर ठेवताना तिला तो फार जड वाटला.

थोड्या वेळाने रामधनने दोन्ही कप उचलले. कोपऱ्यात पाण्याचं घमेलं होतं, त्यात बाकीच्यांचे उष्टे कप बुडालेले होते. घमेल्यापाशी तो थांबला. हॉटेलातली बोलणी बंद झाली नाहीत, पण आवाज खाली आले. रामधन एकदा बाहेरच्या फळीकडे बघे, एकदा गर्दीकडे. गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि कप पुरत नव्हते.

त्याने हात सैल सोडला. दोन्ही कप घमेल्यात गेले.

मग त्याने सगळे कप एकत्र खळबळले, ओट्यावर ओळीने मांडले आणि तो केटलीने चहा ओतत गेला. कपांतून वाफा निघू लागल्या. मघाशी सरकलेल्या शेतकऱ्याने त्यातला एक उचलला, फुंकर घातली आणि घोट घेतला. तो कप आपला होता, देवरावचा होता, की आणखी कोणाचा, कांताबाईला काही केल्या ओळखू येईना.