आमटीत विरघळलेला खारवीर

एका माणसाचं मीठ बनतं, ते मीठ लग्नाच्या आमटीत पडतं, ती आमटी चारशे वऱ्हाडी भुरके मारत ओरपतात, आणि पुढच्या अंकात तोच माणूस धडधाकट उभा! कसा? भांडुपचे नाना वाहुळे या एका प्रश्नावर तीन वर्षं भांडत होते. आणि खोटं कशाला बोलू, सदुसष्टाव्या वर्षी त्यांना जगवत होतं ते हेच भांडण. डॉक्टरच्या गोळ्या उगाच श्रेय घेत होत्या.

खारवीर म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीचं मराठी कॉमिक. मिठागरात राबणारा एक गडी, पाण्यात शिरला की विरघळतो, उन्हात वाळला की परत माणूस होतो. तेविसाव्या अंकात खलनायक त्याला आमटीत ढवळतो. चोविसाव्यात तो हजर, आणि खुलासा शून्य. लेखक विसरला असणार, दुसरं काय! पण चाहत्यांना हे सांगून बघा. अंगावर येतात.

असे चार चाहते एका व्हॉट्सॅप ग्रुपवर जमले होते. मुलुंडचा केयूर, घाटकोपरची अपूर्वा, बोरिवलीचा धवल, तिघेही पंचविशीच्या आगेमागे, आणि चौथे नाना. ग्रुपचा नियम एकच: वादात हरेल त्याने आठवडाभर आपल्या फोटोच्या जागी मिठाच्या पुडीचा फोटो लावायचा. नानांनी तो अकरा वेळा लावला होता, केयूरने नऊ वेळा.

नानांचं म्हणणं, चारशे वऱ्हाड्यांच्या घामातून खारवीर परत जमला. "मग त्यांचा खोकलाही आला असेल ना रे त्याच्यात, शहाण्या?" केयूर लिहायचा. त्याच्या मते पातेल्याच्या बुडाशी चिमूटभर मीठ उरलं आणि त्यातून अख्खा माणूस उगवला. यावर नाना उसळायचे. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटर होते ते. "सत्तर किलोचा माणूस चिमटीतून? बाकीचं वजन कुठून आणलंस, तुझ्या बापाच्या दुकानातून?" अपूर्वा म्हणायची, वऱ्हाडी खाल्ल्या मिठाला जागले आणि त्यांनी त्याला परत दिलं. धवल दोन्हीकडून काड्या लावायचा.

"नान्या, तुझ्या डोक्यात मीठ गेलंय यार." हे वाचलं की नाना एकटेच खो खो हसायचे.

पत्नी सुंदराबाई होत्या तेव्हा भांडायला घरचं माणूस होतं. भाजी खारट झाली म्हटलं की बाई उलटून म्हणायच्या, "मग उद्यापासून तुम्हीच करा!" आणि तास रंगायचा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मुलगी संघमित्रा रोज बंगळुरूहून फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, ठेवते. विहारातली मुलं "जयभीम काका" म्हणून खुर्ची देतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाना बोलले की सगळे माना डोलावतात आणि पुढचा विषय घेतात. मान सगळे देतात हो. पण मानाने माणसाचा दिवस सरत नाही.

एरवी नानांच्या फोटोच्या जागी खारवीरचं चित्र असायचं, म्हणून ग्रुपवरच्या पोरांना वाटायचं, नाना हे टोपणनाव, असेल कोणी तिशीतला. नानांनी तो समज दूर केला नाही. खोटं बोलले नाहीत, नुसते गप्प बसले.

आणि मग खारवीरवर सिनेमा आला. गोरेगावच्या स्टुडिओत सेट लावला, कोटींच्या कोटी उधळले, आणि ट्रेलरमध्ये बघतात तर काय, खारवीर लंडनचा शास्त्रज्ञ! डोळ्यांतून विजा सोडतोय! ग्रुपवर नुसती आग लागली. "आमटी नसेल तर मी पडदा फाडेन," अपूर्वा म्हणाली. केयूरने शनिवारच्या सकाळच्या शोची चार तिकिटं काढली, घाटकोपरला. वर लिहिलं, "नान्या, तू नाही आलास तर घामाची थिअरी मेली असं समजू."

गेलं तर वय उघडं पडणार. ताप आला म्हणता आलं असतं. दोन दिवस विचार केला. पण एकदा, एकदाच, समोरासमोर टेबलावर हात आपटून भांडायचं होतं त्यांना. शुक्रवारी सलूनमध्ये जाऊन केस काळे करून घेतले. इतके काळे की आरशात बघून स्वतःच लाजले. शनिवारी अंक तेवीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि निघाले.

थिएटरबाहेर तिघं दिसली. केयूरच्या टी-शर्टवर खारवीर होता.

"केयूर ना? मी नाना."

केयूरने आधी त्यांच्या मागे पाहिलं, दुसरं कोणी आहे का म्हणून. मग चेहरा पडला. "अरे... म्हणजे... नमस्कार काका!" आणि पोरगा चक्क पाया पडला. अपूर्वाने बाकावरची जागा दिली. धवल पाण्याची बाटली घेऊन आला. "सॉरी हां काका, आम्ही काय काय बोललो तुम्हाला," तो म्हणाला. गुणी पोरं. एकाचंही काही चुकलं नाही, याचाच तर संताप येतो.

सिनेमात आमटी नव्हती. सूप होतं, पंचतारांकित हॉटेलातलं, आणि खारवीरला उपग्रहातून किरण सोडून परत जमवला. दिवे लागले तेव्हा नाना रागाने नुसते थरथरत होते. तीन वर्षांत इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं. फूड कोर्टात बसल्या बसल्या त्यांनी अंक उघडला आणि टेबलावर हात आपटला.

"काय वाट लावलीय! उपग्रह? आता तरी कबूल कर केयूर, घामच!"

केयूरने अपूर्वाकडे पाहिलं.

"बरोबर आहे काका. घामच."

"अरे, पण तुझी चिमूट?"

"ती मी आपली अशीच काढलेली. तुमचं लॉजिकल आहे. पुडी मी लावतो."

"असं कसं? खोकल्याचं काय मग? तूच म्हणाला होतास, खोकलाही येईल! बोल ना! घाम तर चारशे ठिकाणी सांडणार, तो गोळा कोण करणार? सांग, माझं कुठे चुकतंय ते सांग!"

तिघंही ओशाळून हसली. नाना आपल्याच थिअरीवर हत्यार घेऊन उठले होते, आणि समोर लढायला कोणी नव्हतं. "तुमच्या अनुभवापुढे आम्ही काय बोलणार," धवल म्हणाला. अपूर्वाने विचारलं, "काका, रिक्षा बोलवू का? ऊन आहे."

घरी आल्यावर नानांनी चहा केला आणि तो तसाच निवू दिला. पाच वाजले, सहा वाजले. एरवी या वेळेला ग्रुपवर रणधुमाळी व्हायची. आज चौघांचा मिळून एक फोटो, मध्ये नाना, खाली फुलं.

रडू यायला लागलं तसे नाना उठले, डोळे पुसले, फोन हातात घेतला आणि असलं काही लिहिलं की जे लिहिल्याबद्दल महिन्याभरापूर्वी ग्रुपने त्यांची कातडी सोलली असती. "सिनेमा उत्तम होता. कॉमिकपेक्षा कितीतरी सरस. आमटीचा प्रसंग मुळातच बिनडोक होता."

पाठवलं. केयूर लिहितोय, असं वर दिसलं. थांबलं. पुन्हा दिसलं. लिही, नानांनी मोठ्याने म्हटलं, लिही रे, शिवी दे!

"प्रत्येकाचं मत असतं काका," केयूरने लिहिलं, पुढे जोडलेले हात. "जेवलात का?"

नानांनी "हो" असं लिहिलं आणि भात लावायला उठले.