उंबराखालची रेणुका

ही गोष्ट २०१८ सालची. दसरा नुकताच झाला होता. माझा मुलगा अश्वजित लातूरहून गाडी घेऊन नांदेडला आला. लातूरच्या विहारात त्याला एक व्हिडिओ दाखवायचा होता. छप्पन साली आमच्या घरातले लोक बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला हिमायतनगरहून नागपूरला ज्या वाटेनं चालत गेले, त्या वाटेचा. त्या लोकांपैकी एकच माणूस उरलं होतं, माझी माय सरजाबाई.

"आजी, तू फक्त दाखव. कुठं थांबलात, कुठं भाकरी खाल्ली."

"भाकरीचं काय दाखवू? खाल्ली ती गेली," माय म्हणाली. "मला पैनगंगेवर न्या, मंजी झालं."

ती कशासाठी निघाली होती ते मला ठाऊक होतं. दीक्षा घेऊन परतताना माझी थोरली बहीण रेणुका तापानं वाटेत गेली. दोन वर्षांची होती. माहूरच्या खालच्या अंगाला, नदीकाठी उंबराखाली, दोन खडकांच्या मधे तिला पुरलं आणि लोक पुढं चालू लागले. नंतर मी झाले, शिकले, शाळेवर लागले. बाबा होते तोवर घरात तो विषय काढायची सोय नव्हती आणि ते गेल्यावर कुणाला सवड नव्हती. आता मायचे गुडघे गेले होते. लेकराजवळ एकदा बसायचं, एवढंच तिचं मागणं राहिलं होतं.

हिमायतनगरला लोक ज्या विहिरीपाशी जमले होते ती बुजवून तिथं गाळे काढलेले. किनवटला मुक्कामाच्या आमराईत मंगल कार्यालय. प्रत्येक ठिकाणी माय काचेतून बघायची आणि म्हणायची, "हेच आसंल."

"आजी, नक्की सांग ना. मी शूटिंग करून राहिलो."

"नक्की सांगायला म्या काय तलाठी हाय?"

माहूरला नवरात्रातली गर्दी अजून ओसरली नव्हती. गडाकडं बघत माय म्हणाली, "तिच्यासाठी ह्या पायऱ्या चढले व्हते म्या. देवीला नवस बोलले तवा झाली. म्हणून तर रेणुका."

अश्वजितनं मोबाइल खाली घेतला. "हे व्हिडिओत नको, आजी."

"नको तर नको. तू विचारलं म्हणून सांगितलं."

नदीवर नवा पूल होता. मला वाटलं, आता काही सापडत नाही. पण पूल ओलांडायच्या आधीच मायनं अश्वजितच्या खांद्यावर थाप मारली. "थांबव! थांबव म्हणते ना!"

उंबर होता. एकमेकांना टेकलेले दोन खडकही होते. आणि त्या दोन खडकांच्या मधे शेंदूर फासलेला एक दगड, त्याच्यापुढं हिरव्या बांगड्यांचा ढीग. उंबराच्या फांद्यांना लाकडाचे इवले इवले पाळणे टांगलेले. शेजारी एक बाई नारळ मांडून बसली होती. तिचं नाव साखराबाई, हे तिनंच सांगितलं.

"या आज्जी. पाळणा बांधायचा का? ही लेकराची आई लई जागृत हाय. सुनेची कूस रिकामी हाय का?"

माय एकेक पाळणा बघत होती. मीच विचारलं, "हा देव कधीपासून आहे इथं?"

"म्या सून होऊन आले तवापासून. जुन्या पुलाचा पाया खंदताना हाडं निघाली, बारकी बारकी. मग मजुराच्या बायकोला ताप भरला. भगत म्हणला, लेकरू कोपलं. तवा हा दगड मांडला."

"हाडं कुठं हाईत?" मायनं विचारलं.

"ती नदीत सोडली की, आज्जी. हाडं कोण ठेवतंय?"

अश्वजितनं मायचा दंड धरला. "आजी, दुसरा उंबर असेल. नदीकाठी काय उंबराला तोटा? लेकरं तर सगळेच नदीकाठी पुरायचे."

"आसंल बाबा." ती दगडाकडं बघत होती. "म्या म्हणलं व्हतं तुझ्या आजोबाला, एखादा दगड तरी ठेवू, वळखू येईल. ते म्हणले, न्हाई सरजे. आज तू दगड ठेवशील, उद्या कोणी शेंदूर लावंल. परवाच तर देव सोडून आलोत आपण. मग हातानं माती सपाट केली त्यांनी."

साखराबाईनं कुंकवाची डबी पुढं केली. मायनं कपाळ मागं घेतलं. "आम्ही लावत न्हाई, बाई."

"हात तरी जोडा."

"न्हाई जमायचं."

"मग आलात तरी कशाला इतक्या लांब?" साखराबाई हसली. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं.

बसायला मी गाडीतून चादर आणली, ती मायनं पसरू दिली नाही. दगडापुढं बसली असती तर ते देवापुढं बसणं झालं असतं, आणि पाठ करून तिला बसवेना. ती काठीवर भार देऊन बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "चल गुणे. घरी चल."

"नागपूर?" अश्वजितनं विचारलं.

"तुम्ही जा कवा तरी. माझं झालं."

परतीच्या वाटेवर किनवटला चहा घेतला. ती बशीत ओतून प्याली.

पुढच्या वर्षी माय गेली. अंथरुणात पडल्यापडल्या तळहात चादरीवर फिरवत राहायची. काय करतेस विचारलं की म्हणायची, "काही न्हाई."

अश्वजित लातूरलाच आहे. विहारात व्हिडिओ दाखवला, लोकांना आवडला. त्यात नदी नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा उंबर तोडला आणि दगड वरच्या अंगाला नव्या ओट्यावर नेऊन बसवला, असं तिकडून आलेल्या एका शिक्षकानं सांगितलं. साखराबाई मुलीकडं आर्णीला गेली म्हणे, आता तिथं दुसरीच कुणी बसते.

मी नांदेडलाच, तरोड्याच्या घरात. रेणुकाला बघितलेलं माणूस आता कुणी नाही. मीही तिला बघितलेलं नाही.