प्रश्न कापलेल्या कॅसेटी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. झाकणाला तडा गेलाय, एक बटण पडलंय. पण मित्रांनो, मला म्हातारा म्हटलेलं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात एका बाईने माझे स्क्रू पिळले आणि शेजारणीला म्हणाली, "हा टिकेल बघ." तिचे शब्द खरे ठरले. खोक्यातून निघालो तो थेट या ग्रंथालयात आलो. त्या काळी इथे संशोधन करणारा जो तो आपलं काम ग्रंथालयाकडे ठेवून जायचा. लिहिलेलं कपाटात जायचं आणि बोललेलं माझ्याकडे. कोणीही यावं, हेडफोन लावावा आणि ऐकावं.

काय काय ऐकवलं म्हणून सांगू! एकाने तळ्याकाठी बसून बेडकांचे आवाज गोळा केले होते. त्याच्या मते प्रत्येक बेडूक वेगळा होता. मला विचाराल तर सगळे मेले सारखेच ओरडायचे. एका मुलीने तान्ह्या बाळांची बडबड टिपली होती. एका इंजिनिअरने तर बिघडायच्या बेतात असलेल्या यंत्रांची कुरकुर जमवली होती. ती वाजवताना मला वाटायचं, आता माझी पाळी. अख्ख्या ग्रंथालयात सगळ्यांना चूप बसावं लागे, बोलायची परवानगी फक्त मला. माझा तोरा काय वर्णावा!

या सगळ्यांत एका बाईंचं काम माझ्या फार जवळचं होतं. एकटी राहणारी माणसं घरात स्वतःशी काय बोलतात, हा त्यांचा विषय. लोक हसले. "हा काय अभ्यासाचा विषय झाला?" म्हणाले. बाईंनी कोणाला जुमानलं नाही. खांद्याला पिशवी लावून त्या घरोघर फिरल्या. एक निवृत्त परिचारिका दूध उतू गेलं की शेगडीला रागवायची. एक शिंपी मशीनला बातम्या वाचून दाखवायचा. एक जण रिकाम्या घराचं कुलूप काढताना रोज "आलो रे" म्हणायचा. बाईंनी हे सगळं इतक्या मायेने विचारून घेतलं होतं की माणसं मनातलं बोलून मोकळी व्हायची.

मग संगणक आले. नव्याचे नऊ दिवस, असं मी म्हणत राहिलो, पण ते काही गेले नाहीत. आता सगळं संशोधन इंटरनेटवरून जगाला वाटायचं ठरलं. त्यात वाईट काही नव्हतं, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. बेडूक ऐकायला कोणी इतक्या लांब का यावं? कॅसेटी संगणकात उतरवायला एक तंत्रज्ञ आला. नको ते कापण्यात त्याचा हातखंडा, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणायचे. माझ्यावर एकेक कॅसेट वाजवून त्याने सगळं काम संपवलं. शेवटची कॅसेट संपली, त्याने माझी वायर उपटली आणि मला जिन्याखाली आणून ठेवलं. गरज सरो, वैद्य मरो! कॅसेटी खोक्यांत भरल्या. खोक्यांवर आणि माझ्या पाठीवर चिठ्ठी लागली, 'भंगार'.

जिन्यावरून दिवसभर पावलं जातात. खोलीत मात्र कोणी येत नाही. पूर्वी एखाद्याने चुकीचं बटण दाबलं तर मला राग यायचा. आता वाटतं, चुकीचं का होईना, कोणीतरी दाबा.

संगणकाची खोली माझ्या पलीकडेच आहे. मधली भिंत नुसती फळीची, तीही फटींची, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं आणि दिसतंही. एके दिवशी तिथे एक आजोबा आले. त्या बाईंचे यजमान. बाई आदल्या वर्षी वारल्या होत्या.

"हे बघा काका, बाईंचं सगळं काम इथे आहे," ग्रंथपालबाई कौतुकाने म्हणाल्या. "आता जगात कुठूनही ऐकता येतं."

आजोबा बराच वेळ ऐकत बसले. मग त्यांनी हेडफोन काढला.

"छान केलंय हो. पण ही कुठे आहे?"

"कोण, काका?"

"आमची ही. सगळी माणसं बोलतायत, हिचा आवाजच नाही कुठे."

ग्रंथपालबाईंनी कात्रीला हाक मारली. तो आला आणि घुटमळला. "काका, मी प्रश्न कापलेत. संशोधन म्हणजे लोकांची उत्तरं, असंच ठरलं होतं. प्रश्न, खोकला, खुर्चीचा आवाज, सगळं काढायचं. ऐकणाऱ्याचा वेळ वाचतो."

आजोबा चिडले नाहीत. हेडफोन हातात धरून ते म्हणाले, "घरी हिचे फोटो ढीगभर आहेत. आवाज एकही नाही. रेकॉर्डर कायम हिच्याच हातात, मग हिचा आवाज कोण घेणार? हल्ली मला तो नीट आठवतसुद्धा नाही. शब्द आठवतात, आवाज येत नाही. म्हणून आलो होतो."

 मग कात्री एकदम म्हणाला, "मूळ कॅसेटी जिन्याखाली आहेत! भंगारवाला उद्या येणार आहे."

धावपळ झाली. खोकी उघडली. मला वाचनखोलीतल्या टेबलावर ठेवलं. "चालेल का हो हा म्हातारा?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. या हिशेबात गाढव मी ठरत होतो, पण म्हटलं, असू दे. आज रागवायची वेळ नाही.

माझा आतला रबरी पट्टा सैल पडला होता. कात्रीने दुसऱ्या एका मेलेल्या यंत्राचा पट्टा काढून मला बसवला. कापसाच्या बोळ्याने फीत वाचणारं हेड पुसलं. फीत जुनी, कडक झालेली. माझ्या चाकांत अडकली तर तुकडे होणार होते आणि मग त्या आवाजाला जगात कुठेच थारा उरणार नव्हता. मित्रांनो, मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.  कात्रीने बटण दाबलं.

आधी नुसती खरखर आली. मग बाई बोलल्या, "हॅलो, हॅलो. येतोय का आवाज?"

"येतोय!" आजोबा ओरडले. "येतोय गं, येतोय!"

वाचनखोलीतल्या माना वर झाल्या. आजोबांना गप्प बसा म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही.

फीत पुढे सरकली. बाई कोणाला तरी म्हणत होत्या, "ताई, सुरू करण्याआधी एक काम होतं. आमचे हे बाहेर पायरीवर बसलेत. त्यांना जरा पाणी द्याल? स्वतःहून कधी मागायचे नाहीत ते."

आजोबांनी टेबलाची कड धरली. "मी स्कूटरवरून हिला सोडायचो आणि बाहेर थांबायचो," ते म्हणाले. "दर घरी कोणीतरी पाणी आणून द्यायचं मला. परतताना मी हिला म्हणायचो, माणसं किती चांगली आहेत बघ. ही नुसती हो हो म्हणायची."

मग ते रडायला लागले. ग्रंथपालबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कात्री भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी मात्र थांबलो नाही. थांबून कसं चालेल? कॅसेटची दुसरी बाजू अजून बाकी होती.

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. कात्रीने सगळ्या कॅसेटी पुन्हा उतरवल्या, या वेळी एक खोकलासुद्धा न कापता. बाई आता आपल्या कामात प्रश्नांसकट बोलतात. आजोबांनी बाईंचा आवाज फोनमध्ये भरून नेला. जाताना त्यांनी माझ्या तडा गेलेल्या झाकणावरून हात फिरवला. त्यानंतर ते आले नाहीत. कशाला येतील? काम झालं. मी पुन्हा जिन्याखाली आहे. पाठीवरची चिठ्ठी गेली, पण वायर कोणी लावत नाही. खोटं कशाला बोलू, वाईट वाटतं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कसले कसले शोध लावाल. ते जरूर सगळ्यांना वाटा. वाटताना विचारणारा माणूस मात्र कापून टाकू नका. आणि एक विनंती आहे. तुमच्या घरात जे कोणी सगळ्यांचे फोटो काढतं, सगळ्यांचे आवाज टिपतं, त्यांच्या हातातलं यंत्र आज एकदा काढून घ्या. समोर बसवा आणि म्हणा, "आता तू बोल."