तळ्यातली सरळ वाट

पंचशीलाने इंजिनात जादा हवा कोंबणारी दोन्ही यंत्रे गोणपाटावर शेजारी शेजारी ठेवली आणि जिप्सीचे बॉनेट उघडले. पाच वाजता शर्यतीचे पंच बॉनेटला सील लावणार होते. त्यानंतर आत हात घालता येणार नव्हता.

“टर्बो,” ती म्हणाली.

“सुपरचार्जर,” नरसिंगमामा म्हणाले. औशाच्या त्यांच्या गॅरेजात ती नऊ वर्षे काम शिकली होती आणि नऊ वर्षे त्यांच्याशी भांडत आली होती.

“मामा, तीन किलोमीटर सपाट हाय. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. उशिरा जागा होतो, पण एकदा जागा झाला की कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई.”

“अन् वळणावर पुन्हा झोपतो. सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. पाय दाबला की हजर.”

“वळण हायच कुठं? तळं हाय हे.”

“तळं मागून आलं.”

दुष्काळाने तलाव पार आटवला होता, म्हणून तर तळावर शर्यत ठरली होती. भेगाळलेला पांढुरका गाळ आभाळापर्यंत गेला होता. पायाखाली शिंपले चुरचुरत होते. लांबवर, नसलेले पाणी हलत होते. मामांचे गाव याच गाळाखाली होते. लातूर जिल्हा होण्याच्या दोन वर्षे आधी ते बुडाले आणि नव्या जिल्ह्याच्या नकाशावर आलेच नाही.

“घरांची जोती वर आली असतील तर तुला नागमोडीच काढावी लागंल,” मामा म्हणाले. “बघून येतो.”

“लवकर या. फिटिंगलाच दोन तास जातेत.”

पहिली आली तर पुण्याचा संघ तिला वर्षभर आपली गाडी चालवायला देणार होता. दुसऱ्या नंबरला टाळ्या होत्या.

मामा पाण्याची बाटली घेऊन निघाले. पंचशीला पाहत राहिली. आधी ते सरळ चालले, मग मोकळ्या मैदानात अचानक डावीकडे वळले. थोडे जाऊन उजवीकडे. एका जागी बाजूला सरकून उभे राहिले, जणू समोरून बैलगाडी येत होती. पुढे काहीच नसलेल्या ठिकाणी त्यांनी मान वाकवली, पाय उंच उचलून आत टाकला आणि ते खाली बसले. उन्हात त्यांची आकृती विरघळली, पुन्हा जमली. ते बाटली ओतत होते, काहीतरी मळत होते, थापत होते.

परत आले तेव्हा कोपरापर्यंत हात चिखलाचे होते.

“जोती?”

“न्हाईत. गाळानं समदं गिळलंय. टर्बो बसव.”

“मग बसला कशाला होतात तिथं?”

“उखळ होतं एक, जमिनीत बसवलेलं. वरचा गाळ खचून खड्डा पडलेला. चाक आदळलं असतं. बुजवलं.”

“तुमच्या घरचं?”

मामांनी गोणपाटावरून बारा नंबरचा पाना उचलला.

पंचशीलाने टर्बो उचलला, पण तो मांडीवरच धरून ठेवला. “जागा दाखवा मामा. मी बाजूनं काढते गाडी.”

“बाजूनं काढली की वळण आलं,” मामा बॉनेटखाली वाकत म्हणाले. “मग टर्बो कशाला लावायलोत? आण इकडं.”